टायरच्या भुकटीनं मासे मरतात म्हणे! (सॅल्मन, सिअ‍ॅटल आणि आपली उजनी)

रिमोल्डवाला
२६ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथं वाचतो बऱ्याच वर्षांपासून, लिहितोय पहिल्यांदा.

सोलापुरात हैदराबाद रोडला आमचं टायर रिमोल्डचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ट्रकचं टक्कल पडलेलं टायर येतं, ते मशीनवर घासायचं, नवा पट्टा चिकटवायचा, चेंबरात शिजवायचं आणि गिऱ्हाइकाला द्यायचं. घासताना जे निघतं त्यातला जाड भुगा पोत्यानं विकला जातो, त्याला गिऱ्हाईक आहे. बारीक भुकटीला कुणी विचारत नाही. ती भुवयांवर बसते, चहाच्या ग्लासाच्या काठावर बसते, रात्री नाक शिंकरलं तर रुमाल काळा. संध्याकाळी पोरगं झाडू मारतं, दोन बादल्या पाणी ओततं, सगळं गटारात. चाळीस वर्षं हेच चालू आहे.

परवा बहिणीचा मुलगा आला होता, अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतो. दुकानात उभा राहून हे बघितलं आणि म्हणाला, "मामा, ही भुकटी आमच्याकडं सॅल्मन मारते." मला वाटलं लांबचा प्रवास करून आलंय, डोक्यात वारं गेलंय. पण रात्री जेवताना अर्धा तास त्याच विषयावर बोलत होता, ताटातली कडक भाकरी तशीच.

जाणकारांनी सांगावं. हे खरं का? आणि खरं असेल तर आपल्याकडं काय?

---

बाळीवेस_बॉय
२६ मे, रात्री ११:०२

काय सांगालास बे मामा! सोलापुरात सॅल्मन कुठला? हॉटेलात 'इंडियन सॅल्मन' म्हणून देतात तो काय? मागच्या महिन्यात खाल्लो, बिल बघून मीच मेलो.

---

जुळेसोलापूर_बाई
२७ मे, सकाळी ६:१५

तो रावस. समुद्रातलाच, चवीला छान, पण सॅल्मनचा नातेवाईक नव्हे. हॉटेलवाल्यांनी बारसं केलं आणि भाव वाढवला, एवढंच. खरा रानटी सॅल्मन आपल्या कुठल्याच नदीत नाही. त्याला थंड पाणी लागतं.

(निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका आहे, म्हणून चोंबडेपणा.)

भाचा खरं बोलतोय. फक्त 'सॅल्मन' म्हणजे एक मासा नव्हे, बऱ्याच जाती आहेत. टायरच्या भानगडीत मरतो तो कोहो. नदीत जन्मतो, वर्षभर तिथंच वाढतो, मग समुद्रात जातो आणि साधारण तिसऱ्या वर्षी अंडी घालायला परत त्याच ओढ्यात येतो. अंडी घातली की मरतो, ते ठरलेलंच असतं. घोटाळा असा की शहरातल्या ओढ्यांत तो अंडी घालायच्या आधीच मरायला लागला.

भाच्यालाच इथं लिहायला सांगा ना.

---

उलटतपासणी
२७ मे, सकाळी ९:३०

टायर शंभर वर्षांपासून आहेत. मासे आत्ताच कसे मरायला लागले? असल्या बातम्यांच्या मागे कुणाचा तरी नवा माल विकायचा असतो. आधी तूप वाईट म्हणाले, मग तेल वाईट म्हणाले, आता टायर.

---

पावसातला_सोलापूरकर
२७ मे, रात्री ९:५०

भाचा हजर आहे. मामानं खातं उघडायला लावलं.

उलटतपासणी, प्रश्न बरोबर आहे. मासे आत्ता मरायला लागले नाहीत, मरताना दिसायला आत्ता लागले. १९९० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये लोकांनी शहरातले ओढे साफ केले, रस्त्याखालचे अडथळे काढले, काठाला झाडं लावली. कोहो परत आले. सगळे खूश. आणि मोठा पाऊस झाला की तेच मासे पटापट मरायला लागले. काही ओढ्यांत आलेल्यांपैकी ४० ते ९० टक्के.

मी स्वतः एका नोव्हेंबरात लाँगफेलो क्रीकवर गेलो होतो, स्वयंसेवक म्हणून मासे मोजायला. ओढा म्हणजे किती, आपल्या शेळगीच्या नाल्याएवढा. पाणी स्वच्छ, तळाचे गोटे दिसतात. रात्रभर पाऊस झालेला. एक मादी वर तरंगत गोल गोल फिरत होती, दारू प्यायलेल्या माणसासारखी. तोंड उघडायची, मिटायची. मग आडवी झाली. पंख ताठ. आमच्यातल्या बाईंनी नंतर तिचं पोट फाडलं, तर आत अंडी जशीच्या तशी, नारिंगी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. समुद्रातून इथवर आली आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर गेली.

आधी लोकांनी सगळं तपासून बघितलं. ऑक्सिजन ठीक, तापमान ठीक, रोग नाही, नेहमीची कीटकनाशकं नाहीत. रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यात काहीतरी आहे एवढंच कळत होतं. मग वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टॅकोमा केंद्रातल्या आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी टायरचे बारीक तुकडे करून (चीज किसायची किसणी वापरली होती!) ते पाण्यात भिजवले. त्या पाण्यात मासे मेले. पण त्या अर्कात दोन हजारांवर रसायनं. एकेक गाळत गाळत शेवटी एकावर बोट ठेवलं. डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं.

टायरमध्ये सिक्स-पीपीडी नावाचं एक द्रव्य घालतात, टायरला भेगा पडू नयेत म्हणून. हवेतला ओझोन रबर खातो, हे द्रव्य रबराच्या आधी स्वतः ओझोनला भिडतं. भिडल्यावर त्याचं सिक्स-पीपीडी-क्विनोन होतं. मारतं ते हे. टायर बनवताना त्यात कुणी क्विनोन घालत नाही, ते रस्त्यावर तयार होतं. म्हणून इतकी वर्षं सापडलं नाही.

---

बाळीवेस_बॉय
२७ मे, रात्री १०:११

म्हणजे टायरला वाचवायला घातलेलं औषध माशाला मारतंय. आमच्या इथं डासाच्या अगरबत्तीनं मी खोकतो, डास निवांत, तसलं.

---

उलटतपासणी
२७ मे, रात्री १०:३४

किती लागतं मरायला? एक टायर बुडवला तर सगळंच मरेल, त्याला शास्त्रज्ञ कशाला?

---

जुळेसोलापूर_बाई
२८ मे, सकाळी ६:०५

गणित करून ठेवलंय. नंतरच्या, जास्त नेमक्या मोजणीत त्या क्विनोनचा आकडा आला लिटरला ९५ नॅनोग्रॅम. एवढ्यात लहान कोहोंपैकी निम्मे मरतात, तेही काही तासांत.

आता हे सोलापुरी मापात. दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर डोळ्यांपुढे आणा, रांगेत उभे. (आपल्याला अवघड नाही.) त्या सगळ्या पाण्यात मिळून पाव ग्रॅमही नाही. चिमूटभर मीठ त्याहून जास्त असेल.

पण उलटतपासणींच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे. त्याच पाण्यात चम जातीचा सॅल्मन आरामात पोहतो, काही होत नाही. अटलांटिक सॅल्मनलाही नाही. रेनबो ट्राउटला होतं. एकाच घरातले भाऊ, एकाला विष आणि दुसऱ्याला नुसतं पाणी. त्यामुळे कोहो मेला म्हणून उजनी धरणातली चिलापी (तिलापिया) मरेल असं म्हणता येत नाही. चिलापीला मारायला बरंच काही लागतं.

बरं, टायर एकटाच नाही. ब्रेकच्या पॅडमध्ये तांबं असायचं. ब्रेक दाबला की त्याची पूड रस्त्यावर, पावसात ओढ्यात. सॅल्मन आपला ओढा ओळखतो वासावर. विस्कॉन्सिनच्या आर्थर हॅसलर यांनी १९५० च्या दशकापासून हे मांडलं आणि पुढं प्रयोगांनी दाखवून दिलं. लहानपणी पाण्याचा जो वास नाकात बसला तो धरून मासा परत येतो. तांब्याचे लिटरला अगदी थोडे मायक्रोग्रॅम त्या नाकाची वाट लावतात. मासा मरत नाही, धडधाकट दिसतो, पण शत्रूची चाहूल त्याला लागत नाही. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांनी २०१० मध्ये कायदा करून ब्रेकमधलं तांबं टप्प्याटप्प्यानं कमी करायला लावलं. मला हे टायरपेक्षा भयंकर वाटतं. मेलेला मासा निदान कुणीतरी मोजतं.

---

रंगारी
२८ मे, दुपारी २:२०

मामा, आम्ही पण त्याच गटाराचे. तीस वर्षं सूत रंगवण्यात गेली. लहानपणी नाल्याचा रंग बघून सांगायचो आज कुठली चादर चालू आहे. लाल, जांभळा, मोरपंखी. आई म्हणायची नाल्यात पाय घालू नको, टाचा आठवडाभर निळ्या राहतात.

रंगाबद्दल एक सांगतो. सगळ्यांना वाटतं रंग दिसतो म्हणजे तोच मारतो. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडात बाझलजवळ सँडोझच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी सगळं घेऊन र्‍हाईन नदीत गेलं आणि नदी लाल झाली. लाल झाली ती गोदामात असलेल्या रंगानं. पण अहिरांसारखे लांबट मासे लाखाच्या वर मेले ते त्याच पाण्यातल्या कीटकनाशकांनी, आणि त्यांना काही रंग नव्हता. दिसलं ते लाल, म्हणून जगभर बोभाटा झाला. त्यानंतर र्‍हाईनकाठच्या देशांनी एकत्र येऊन ठरवलं की २००० सालापर्यंत सॅल्मन परत आणायचा. त्या कार्यक्रमाचं नावच 'सॅल्मन २०००' होतं.

रंगाचं पाणी निर्दोष आहे असं म्हणत नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताला धरावा म्हणून मीठ किती टाकतो ते आम्हालाच माहीत. ते मीठ कुठल्याही टाकीत खाली बसत नाही. पाणी पांढरंशुभ्र करून सोडलं तरी खारं ते खारंच.

---

उजनीकाठ
२८ मे, रात्री ८:४५

बाईंनी चिलापीचं नाव काढलं म्हणून लिहितो. आम्ही करमाळा तालुक्यातले, धरणाच्या फुगवट्यावरचे. आजोबांची होडी, वडिलांची होडी, माझं मोबाईलचं दुकान. त्यावरून काय ते समजा.

आजोबा धरणाच्या आधीची भीमा सांगायचे. खडस (महासीर), वांब, शिंगटा, मरळ, कोळीस. माझ्या लहानपणी कटला, रोहू भरपूर, बीज सोडायचे. आता जाळं ओढलं की चिलापी, चिलापी, चिलापी आणि मध्येच तो काळा खवल्यांचा सकर. तो जाळं फाडतो आणि त्याला कुत्रं पण खात नाही. हायवेच्या हॉटेलात 'उजनीची मच्छी' म्हणून लोक आवडीनं चिलापी खातात. खा, चांगली लागते. पण ती नदीची नाही, बाहेरून आलेली आहे, आणि टिकली कारण तिला घाण चालते.

धरण ११७ टीएमसीचं. त्यातलं ६३ मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली गेलं की पेपरात येतं, 'उजनी मायनसमध्ये'. तुम्हाला वाटतं पाणी कमी झालं. आम्हाला दिसतं ते वेगळं, घाण तेवढीच आणि पाणी कमी, म्हणजे रस्सा आटवल्यासारखं. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सगळं मुळा-मुठा, इंद्रायणी, पवनेतून भीमेत आणि भीमेतून इथं. मे महिन्यात पाणी हिरवंगार होतं, हात घातला तर मनगटाला पोपटी रंगाचा कडा चढतो. जाळं वाळवलं की कडक होतं, खळ घातल्यासारखं.

आणि मासे मरतात ते पहाटे. दिवसा कधी नाही. चारच्या सुमाराला काठावर गेलात तर चपचप असा आवाज येतो, हजार माणसं ओठ वाजवताहेत असा. ते मासे असतात, तोंड वर काढून हवा ओढत असतात. उजाडेपर्यंत काही पांढरे होऊन काठाला लागतात. पहाटेच का, हे मला अजून कुणी सांगितलं नाही.

---

जुळेसोलापूर_बाई
२८ मे, रात्री ९:३०

मी सांगते. ते हिरवं म्हणजे शेवाळ. मैलापाण्यातला नत्र आणि स्फुरद म्हणजे त्याला खतच. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, दुपारी पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि तळाशी कुजणारा मैला वेगळा ओढतो. पहाट म्हणजे रात्रभराच्या खर्चानंतर उरलेली शिल्लक. माशांचं दिवाळं तेव्हाच निघणार.

त्यात पाणी गरम. दहा अंशाच्या पाण्यात लिटरला अकरा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला साडेसात. सॅल्मनचंही हेच दुखणं आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतली कोलंबिया नदी एवढी तापली की सॉकआय जातीचे सुमारे अडीच लाख सॅल्मन वाटेतच गेले. त्यात विष कुठलंच नव्हतं, नुसतं कोमट पाणी.

आणि खडसाबद्दल. दादा, तुमच्या आजोबांच्या माशाची शास्त्रीय ओळख आपल्याच नदीत झाली. विल्यम हेन्री साइक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी दख्खनच्या पाहणीवर होता. १८३९ मध्ये त्यानं या माशाचं वर्णन केलं. कुठल्या नदीतला मासा? पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, मुळा-मुठेतला. नाव दिलं खुद्री. आजही जगात तो 'टॉर खुद्री' म्हणूनच ओळखला जातो. कोलस, नुक्ता, पोटेल ही पण त्यानं इथल्या बोलीतून उचललेली नावं. म्हणजे ज्या पाण्यातून हा मासा जगाला कळला, त्याच पाण्याचा आज आपल्याकडं येताना वास येतो.

खुद्री सॅल्मनच्या कुळातला नाही, पण सवय तीच. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढायचं, स्वच्छ गोट्यांच्या पाण्यात अंडी घालायची. गोट्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरतात, तिथंही आणि इथंही. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाची पैदास करतात, म्हणून बीज तरी आहे.

---

उजनीकाठ
२८ मे, रात्री १०:०२

बाई, हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दिवाळं पहाटे निघतं, हे बरोबर आहे." बाकी काही बोलले नाहीत.

---

उलटतपासणी
२९ मे, सकाळी ८:५०

ठीक. मानलं. पण मग आपलं दुखणं टायर नाहीच, मैला आहे. ज्यांच्या ओढ्याचा तळ दिसतो त्यांनी नॅनोग्रॅम मोजावेत. आपण चार-पाच दिवसाआड नळाला येणाऱ्या पाण्यात तुरटी फिरवणारी माणसं. मामांनी भुकटी गटारात टाकली काय आणि नाही टाकली काय.

---

पावसातला_सोलापूरकर
२९ मे, सकाळी ११:१५

अर्धं पटतं. टेम्स नदी १९५७ मध्ये जीवशास्त्रीयदृष्ट्या मेली असं लंडनच्या संग्रहालयानं जाहीर केलं होतं. आधी त्यांनीही मैलाच आवरला. १९७४ मध्ये तिथं पुन्हा सॅल्मन सापडला, शंभरावर वर्षांनी. पहिलं काम मैलाच, कबूल. पण सिअ‍ॅटलकरांना मैला आवरल्यावर, ओढे साफ केल्यावरच टायर दिसला. आधी दिसलाच नसता.

तिथं पुढं काय झालं तेही सांगतो. युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या तीन आदिवासी जमातींनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडं अर्ज केला की टायरमधलं हे द्रव्य बंद करा. सॅल्मन म्हणजे त्यांचं अन्न, सण, सगळंच. त्याच नोव्हेंबरात अर्ज दाखल करून घेतला. पण लगेच बंद करता येत नाही, कारण ते नसलं तर टायर तडकतो आणि माणसं मरतात. पर्याय शोधणं चालू आहे.

तोपर्यंतचा उपाय अगदी गावठी आहे. रस्त्याचं पाणी ओढ्यात सोडायच्या आधी माती-वाळूतून गाळायचं. साठ टक्के वाळू, चाळीस टक्के कंपोस्ट, वर झाडाच्या सालीचा थर. त्या पाण्यात ठेवलेले सगळे कोहो जगले, न गाळलेल्या पाण्यातले सगळे मेले. मामा, हे तुझ्या दुकानात जमेल.

---

रिमोल्डवाला
२९ मे, रात्री ११:२०

जमेल म्हणतो. बॅरल पडून आहेच.

---

रिमोल्डवाला
१९ जुलै, रात्री १०:०५

धागा वर काढतो. दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं काय झालं म्हणून.

दोनशे लिटरचं निळं बॅरल मधून कापलं. खाली खडी, वर वाळू तीन घमेली आणि शेणखत दोन घमेली या हिशेबानं. झाडाची साल कुठली आणू, म्हणून मारुतीच्या देवळातून नारळाच्या शेंड्या आणल्या. धुण्याचं पाणी त्यात ओतायचं, खालच्या तोटीतून बाहेर. पहिल्या दिवशी खाली येणारं पाणी चहासारखं, ते शेणखताचं. आठ दिवसांनी बरंच निवळलं. पोराला मजा वाटायला लागली, ग्लासात धरून दाखवायचा.

बाराव्या दिवशी तुंबलं. भुकटी इतकी बारीक की वाळूवर पापुद्रा धरला, पापडासारखा, उचलून घेता येईल असा. पाणी वरून उतू गेलं ते थेट शेजारच्या वडापावच्या गाड्याखाली. तो काय काय बोलला ते इथं लिहिता येणार नाही.

मग अक्कल आली. आता पाणी मारायचंच नाही. ताडपत्री अंथरून काम, संध्याकाळी कोरडी झाडलोट आणि भुकटी पोत्यात. बॅरल फक्त पावसाचं अंगणातलं पाणी गाळायला. पापुद्रा आठवड्यातून एकदा खरवडतो.

महिन्याची बारीक भुकटी वजन केली, अकरा किलो. चाळीस वर्षांचा हिशेब मी केला नाही, तुम्हीही करू नका.

अडचण आता वेगळीच. जाड भुग्याचा गिऱ्हाईक म्हणतो बारीक नको, मशीनमध्ये उडते. घंटागाडीवाल्यानं पोतं उघडून बघितलं आणि परत बांधून दिलं. जाळायची म्हणलं तर भाचा फोनवर ओरडला.

---

रंगारी
१९ जुलै, रात्री १०:३०

मामा, आमच्या टाकीतला गाळ पण असाच आहे. वर्षभर पोती भरून ठेवली होती, उंदरांनी फाडली. विटांच्या भट्टीवाल्याला विचारा, पण आधी बाईंना विचारून घ्या चालेल का.

---

जुळेसोलापूर_बाई
२० जुलै, सकाळी ६:१०

भट्टीत म्हणजे जाळणंच झालं, नको. डांबरी रस्त्यात जुन्या टायरचा भुगा मिसळतात, तो रस्ता जास्त टिकतो. बारीकच लागतो त्याला. रस्त्याचं काम घेणारा कुणी ओळखीचा आहे का बघा. तोवर पोतं कोरडं ठेवा आणि तोंड घट्ट बांधा.

---

रिमोल्डवाला
२० जुलै, रात्री ९:४५

ठेकेदार एक आहे ओळखीचा, त्याची दोन टायर माझ्याकडं पडून आहेत, बिल थकलंय. विचारतो. तोवर पोतं जिन्याखाली आहे. दुसरं भरत आलंय, आणि घरची रोज विचारते किती दिवस.